चावडीचा निवाडा

अमेरिकेतील ओहायो प्रांती 4 जुलै 1954 रोजी डॉक्टर सॅम शेपर्ड यांची गरोदर पत्नी मॅरिलिन हिचा राहत्या घरी खून झाला. कोणी परका घरात शिरला होता, असे पतीचे म्हणणे. परंतु त्याचे परस्त्रीगमन उघडकीस येताच लोकांनी त्यालाच खुनी ठरविले. (व्यभिचार पाप खरे, तो खुनाचा पुरावा कसा?) याला तुरुंगात का घालीत नाही, असे क्लीव्हलँडच्या एका पत्राने पहिल्या पृष्ठावर विचारिले, त्याच रात्री त्याला धरिले. ज्यूरीतील पंचांची नावे-पत्तेही छापले गेले! जन्मठेप झाली.

1966 साली श्रेष्ठ न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तो निर्दोष म्हणून नव्हे, तर त्या गलबल्यात निःपक्षपाती चौकशी झालीच नाही म्हणून. त्याच वर्षी नव्या पंचांनी त्यास सोडिले. मॅरिलिनला कोणी मारिले, हे मात्र आजवर सिद्ध झालेले नाही.