पिशवीतील दोन वजने



गुढीपाडव्याच्या सुमारास एपीएमसीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्या उतरू लागल्या, की मिस्सानंतरच्या गप्पांत पहिला विषय असतो तो भावाचा. आज त्याच पेटीकडे आपण जरा निराळ्या बाजूने पाहू या.

2014 सालचा मे महिना बाजारात काम करणाऱ्या आपल्या लोकांना आठवत असेल. 1 मेपासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला, आणि त्याच्यासोबत वांगी, कारली, पडवळ व अळू यांना दार बंद केले. कारण होते फळमाशी. ही माशी फळाच्या सालीखाली अंडी घालते. वरून पेटी देखणी, आत अळी. 2013 या एका वर्षात भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या 207 खेपांत कीड सापडली, असे युरोपचे म्हणणे होते. ती माशी तिथल्या काचघरांतील टोमॅटो-काकडीला लागली तर काय, ही त्यांची धास्ती. परदेशी जायचा आंबा इथल्याच बाजारात आला. आम्हीही त्या वर्षी दोन फोडी जास्त खाल्ल्या, हे कबूल करतो. पण बागायतदाराच्या पोटावर पाय आला होता.

असे दार लावण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? तो 1947 च्या गॅट करारातील विसाव्या कलमात आहे. व्यापार मोकळा असावा हा नियम. माणसांचे, प्राण्यांचे, वनस्पतींचे जीवन आणि संपुष्टात येऊ शकणारी निसर्गसंपत्ती राखण्यासाठी तो अडवता येतो, हा अपवाद. आणि अपवादालाही अट आहे : देशादेशांत अन्याय्य भेदभाव नको, रक्षणाच्या नावाखाली धंद्याचे कुंपण नको. पिशवीत एक जड आणि एक हलके वजन बाळगू नये, ही अनुवाद ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायातील आज्ञा आपल्याला ठाऊक आहे. कलमाची अट त्याहून फारशी वेगळी नाही.

या अटीवर खुद्द अमेरिका अडकली. कोळंबीच्या जाळ्यात समुद्री कासवे गुदमरून मरतात, म्हणून कासवाला निसटायला वाट ठेवणारे साधन न वापरणाऱ्या देशांची कोळंबी तिने अडवली. भारत, पाकिस्तान, मलेशिया व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. 1998 च्या निकालाने कासवांचे रक्षण योग्यच ठरवले; चुकले ते माप. कॅरिबियन देशांना तयारीसाठी तीन वर्षे दिली होती, आशियाई देशांना चार महिने! अमेरिकेने वागणूक सुधारली, आणि 2001 साली मलेशियाची पुढची तक्रार टिकली नाही. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्ले पाहून आलेल्यांना या निकालाचे मोल कळेल.

आंब्याच्या बाबतीत वजन खरे होते, असे आमचे मत आहे. बंदी डिसेंबर 2015 पर्यंतची होती. प्रक्रिया आणि तपासणी सुधारल्यावर आंब्यापुरती ती जानेवारी 2015 मध्येच उठवण्याचे ठरले. भाज्यांची मात्र चालू राहिली. राज्य कृषी पणन मंडळाचे उष्णबाष्प प्रक्रिया केंद्र आपल्या वाशीतच आहे. तिथे ठरावीक उष्णतेच्या वाफेने फळातील अंडी-अळ्या मारतात, औषध फवारावे लागत नाही.

नव्या करारांत पर्यावरणाचा उल्लेख ठळक असतो. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिकटेन्स्टाइन यांच्याशी मार्च 2024 मध्ये झालेला आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू असलेला करार घ्या. त्यात शाश्वत विकासावर स्वतंत्र प्रकरण आहे, पण त्यावरून वाद झाला तर लवादाकडे जाता येत नाही. बोलायला जागा आहे, भांडायला नाही.

परक्यांच्या वजनांबद्दल इतके बोलल्यावर घरचीही पिशवी उघडावी लागते. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांतील कीटकनाशकांचे अंश प्रयोगशाळेत तपासले जातात. आपल्या देशात कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. पण आपल्या घरी येणारी पेटी तपासतो कोण? मागे एका गाळ्यावर आम्ही विचारले, "हा आंबा कशाने पिकवला?" गाळेवाला हसून म्हणाला, "फादर, एक्सपोर्टचा पाहिजे का? तो वेगळा असतो."