आधी ठरव, थांबायचं कोणी

जालन्याच्या एमआयडीसीत नेटवर्क सांभाळायला लागलेल्या पुतण्याला काकाचे कानमंत्र

बाळा, सळईच्या मिलमध्ये तुला 'सिस्टिम बघायला' ठेवलंय, म्हणजे प्रिंटरपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं तुझ्या गळ्यात. लवकरच तुझ्या कानावर येईल, "नेट लई स्लो आहे, लाइन वाढवून घ्या." लाइन वाढवणं सगळ्यात सोपं, कारण पैसे मालकाचे जातात. पण वाढवलेली लाइनही बघता बघता भरते. मोकळी झालेली जागा कॅमेरे, अपडेट आणि मोबाइल खाऊन टाकतात. म्हणून लाइन मोठी करायच्या आधी एक गोष्ट ठरव : लाइन भरली की थांबायचं कोणी? हे एकदा ठरलं की कामही अडत नाही आणि बिलही फुगत नाही.

१. वही काढ, तीन रकाने आख

मिलमधून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट लिहून काढ. तिच्यापुढे तीन रकाने : डेटा किती, थांबू शकते किती वेळ, आणि थांबली तर नुकसान किती रुपयांचं.

पहिली ओळ काट्यापासून लिही. ट्रक भरला, काट्यावर चढला, वजन झालं. आता ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल निघाल्याशिवाय गाडी गेटबाहेर पडत नाही. परराज्यात जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं, राज्यातल्या राज्यात ही मर्यादा १ लाख आहे. सळईचा एक ट्रक दोन्ही मर्यादा सहज ओलांडतो. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसही सक्तीचं आहे. या सगळ्याला डेटा लागतो फार तर एक-दोन एमबी. पण तो अडकला तर काट्यावर गाडी उभी, मागे दुसरी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि क्रेनवाला बसून आहे.

आता कॅमेऱ्यांची ओळ लिही. चांगल्या प्रतीचा एक कॅमेरा सेकंदाला २ ते ४ मेगाबिट खातो. असे १६ कॅमेरे सतत क्लाउडवर चढवलेस तर ३२ ते ६४ एमबीपीएस अपलोड गेलं, आणि ते फुटेज त्या क्षणी कोणी बघतही नसतं. टॅलीचा बॅकअप, विंडोजचे अपडेट हेही याच जातीचे : पोट मोठं, घाई नाही.

वही भरली की तुझ्याच लक्षात येईल, ज्याला घाई असते त्याला जागा बहुतेक वेळा थोडी लागते. घाईच्या कामाला पुढे काढणं त्यामुळेच स्वस्तात जमतं.

२. 'स्लो' या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, पिंग मार

कोणी स्लो म्हणालं की दोन वेळा मोज. एकदा सकाळी ऑफिस उघडायच्या आधी, आणि एकदा भर दुपारी एखादी मोठी फाइल वर चढत असताना. पिंगची खिडकी उघडी ठेव आणि आकडे बघ. सकाळी मुंबईचा सर्व्हर १५-२० मिलिसेकंदांत उत्तर देत असेल आणि दुपारी तोच आकडा ३००-४०० वर गेला, तर दोष अंतराचा नाही. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. जालना ते मुंबई रस्त्याने चारशेच्या आसपास किलोमीटर. केबल वाकडीतिकडी गेली असं धरलं तरी जाऊन-येऊन दहा मिलिसेकंद खूप झाले. सकाळच्या आकड्याच्या वरचा सगळा वेळ रांगेत जातो.

पोर्टलचं एक पान उघडायला पाठोपाठ कितीतरी फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीला ४०० मिलिसेकंद धरले तर डझनभर फेऱ्यांत पाच सेकंद गेले. लाइन १०० एमबीपीएसची असो की ३००ची, अपलोडची रांग तुंबली की पान रखडणारच. याला बफरब्लोट म्हणतात. मोडेम डेटाचं पाकीट टाकून द्यायच्या ऐवजी पोटात साठवत बसतो आणि ई-वे बिलाचं इवलंसं पाकीट कॅमेऱ्याच्या ढिगाऱ्यामागे जाऊन बसतं.

३. रांग आपल्या दारात लागू दे

नवी पोरं इथेच चुकतात. राउटरमध्ये प्राधान्य लावतात आणि म्हणतात, फरक पडत नाही. पडणार कसा? रांग लागलीय कंपनीच्या मोडेममध्ये, तिथे तुझं काही चालत नाही. अपलोड ५० एमबीपीएस मिळत असेल तर आपल्या राउटरवर ४५चीच मर्यादा घाल. मग रांग तुझ्या राउटरमध्ये लागेल आणि कोणाला पुढे सोडायचं ते तुझ्या हातात राहील. पाच एमबीपीएस सोडून देताना जीव कासावीस होतो, पण बाकीचे ४५ त्यामुळेच कामाचे होतात.

राउटरमध्ये एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक यांपैकी काही असेल तर आधी ते चालू कर. कोडेल ही पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली. पाकीट रांगेत किती वेळ बसलंय हे ती बघते आणि फार वेळ झाला तर टाकून देते, म्हणजे पाठवणारा वेग कमी करतो. एफक्यू-कोडेल आणि केक त्याच्यापुढे जाऊन प्रत्येकाची रांग वेगळी ठेवतात. निम्मी भांडणं एवढ्यावरच मिटतात.

४. अर्जंटचं रेशन ठेव

ट्रंक कॉलच्या जमान्यात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर होते. लाइटनिंग लावला की पटकन जोडून मिळायचा, पण पैसे इतके लागायचे की घरात कोणी गेलं किंवा धंद्यात मोठी गडबड झाली तरच माणूस तो लावायचा. ती किंमत होती म्हणूनच लाइटनिंगला अर्थ होता.

इंटरनेटच्या पाकिटावर ही सोय सुरुवातीपासून आहे. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आयपीचा जो दस्तऐवज आला त्यात प्राधान्यासाठी तीन बिट राखून ठेवले होते. १९९८ मध्ये त्यांची जागा डीएससीपी या आकड्याने घेतली. पण पाकिटावर आकडा लिहायला पैसे पडत नाहीत, म्हणून जो तो स्वतःला अर्जंट म्हणवून घेतो. तिथे रेशन तुलाच ठेवावं लागतं.

चारच वर्ग कर. पहिल्यात फोनवरचं बोलणं, त्याचा डीएससीपी आकडा ४६. एका कॉलला जाताना आणि येताना प्रत्येकी शंभरेक केबीपीएस लागतात, दहा कॉल म्हणजे एक एमबीपीएस. दुसऱ्यात ई-इनव्हॉइस, ई-वे बिल, बँक आणि टॅलीचं रिमोट काम. तिसऱ्यात बाकीचं रोजचं. चौथ्यात कॅमेरे, बॅकअप आणि अपडेट, त्यांचा आकडा ८.

पहिल्या वर्गाला लाइनच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीही देऊ नकोस, नाहीतर तो बाकीच्यांना उपाशी मारेल. आणि चौथ्यालाही पाचेक टक्के हक्काचे ठेव. बॅकअप अगदीच अडवलास तर तो महिनाभर पुरा होत नाही, आणि ते कळतं डिस्क गेल्यावर. वाय-फायवरही प्राधान्य देणारं डब्ल्यूएमएम चालू आहे ना ते बघ, नाहीतर केबलवर केलेली मेहनत हवेत जायची.

फर्नेसची पीएलसी आणि स्काडा मात्र या रांगेत आणूच नकोस. त्यांचं नेटवर्क वेगळं, व्हीलॅन वेगळा. भट्टीचं नियंत्रण इंटरनेटच्या मर्जीवर ठेवायचं नसतं.

५. मोठं ओझं रात्री हलव

५० जीबीचा बॅकअप २० एमबीपीएस अपलोडवर साडेपाच तास घेतो. रात्री अकराला सुरू केलास तर पहाटे पाचच्या आत आटोपतो. दुपारी केलास तर सगळं ऑफिस तुझ्या नावाने ओरडतं. पहिल्यांदा पूर्ण बॅकअप, नंतर रोज फक्त बदललेला भाग. विंडोजचं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन ऑफिसच्या नेटवर्कपुरतं चालू ठेव, म्हणजे एका मशीनने उतरवलेलं अपडेट दुसऱ्या मशीन तिच्याकडूनच घेतात. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एनव्हीआरच्या डिस्कवरच राहू दे. मालकाला मोबाइलवर बघायला कमी दर्जाची सबस्ट्रीम पुरते, बाहेर फक्त घटनेची क्लिप जाऊ दे.

मालकाला हे बँडविड्थच्या भाषेत सांगत बसू नकोस. वीज कोणत्या तासाला स्वस्त आणि कोणत्या तासाला महाग हे त्याला पाठ असतं, भट्टीचं वेळापत्रक तो टीओडी दर बघूनच लावतो. त्याला म्हण, नेटचंही तसंच आहे, दिवसाचे तास महाग आहेत. एका वाक्यात पटेल.

६. दोन लाइन घे, पण दोन्हींना एकच काम देऊ नकोस

लीज्ड लाइनला दोन्ही दिशांना सारखा वेग मिळतो आणि बंद पडली तर किती वेळात दुरुस्त करायची याचा करार असतो. म्हणून ती महाग. साधा फायबर ब्रॉडबँड स्वस्त, पण शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेला आणि एफयूपीच्या (डेटा-मर्यादेच्या) आकड्याने बांधलेला. छोटी लीज्ड लाइन पहिल्या दोन वर्गांसाठी ठेव, मोठा ब्रॉडबँड बाकीच्यांसाठी. दहा पैशांच्या कामाला रुपयाची लाइन वापरू नकोस.

दोन्ही केबली एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येत नाहीत ना, ते स्वतः चालत जाऊन बघ. जेसीबीचा एक फाळ दोन्ही कंपन्यांना एकदमच तोडतो. तिसरा आधार म्हणून फोर-जी किंवा फाइव्ह-जीचा डोंगल ठेव आणि राउटरला आधीच सांगून ठेव, त्यावर फक्त पहिले दोन वर्ग जातील. नाहीतर लाइन तुटल्यावर दिवसाचा डेटा अर्ध्या तासात कॅमेरेच पिऊन टाकतील.

७. क्लाउडचं बिल बाहेर येताना होतं

क्लाउडमध्ये डेटा टाकायला बहुतेक वेळा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. म्हणून रिपोर्ट क्लाउडमध्येच तयार कर आणि निकाल तेवढा खाली आण. सर्व्हर जवळचा निवड : मायक्रोसॉफ्टचं केंद्र पुण्यात २०१५ पासून आहे, ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून, गुगलचं मुंबईत २०१७ पासून. गुगलकडे प्रीमियम आणि स्टँडर्ड असे दोन दर आहेत. प्रीमियममध्ये वाटेचा जास्तीत जास्त भाग त्यांच्या स्वतःच्या जाळ्यातून जातो, स्टँडर्डमध्ये सार्वजनिक इंटरनेटवरून. ग्राहकाला दिसणारी ऑर्डरची पानं प्रीमियमवर शोभतात, जुन्या फायली स्टँडर्डवर. वहीतला तिसरा रकाना इथेही तोच.

८. आपली हद्द ओळख

११ आणि २० तारखेला, जीएसटीआर-१ आणि ३-बी भरायच्या शेवटच्या दिवशी, पोर्टलच दमलेलं असतं. तिथली रांग तुझी नाही, लाइन दुप्पट केलीस तरी हलणार नाही. अकाउंटंटला दोन दिवस आधी बसव, एवढाच उपाय.

तसंच, तू पाकिटावर लिहिलेलं ४६ सार्वजनिक इंटरनेटवर कोणी मानेल असं धरू नकोस. बहुतेक कंपन्या ते पुसतात किंवा त्याकडे दुर्लक्ष करतात. आपल्याकडे ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ला वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा दर लावायला बंदी केली, आणि २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटी परवान्याच्या अटींत आली. हे आपल्या हिताचंच आहे. नाहीतर तुझ्या ई-वे बिलाच्या पुढे मोठ्या पैसेवाल्याची गाडी उभी राहिली असती. दोन शाखांमध्ये वर्गवारी हवीच असेल तर एमपीएलएससारखी सेवा घ्यावी लागते, आणि तिथे प्रत्येक वर्गाचे पैसे मोजावे लागतात. कंपाउंडच्या आत मात्र कायदा तुझा.

९. यादीवर मालकाची सही घे

तांत्रिक भाग अवघड नाही, माणसं अवघड. मॅच असली की मालकाच्या केबिनचा टीव्ही पहिल्या वर्गात हवा असतो. सेल्सवाल्याला त्याचा व्हिडिओ कॉल, एचआरला त्यांचं पोर्टल. तू स्वतः कोणाला नाही म्हणू नकोस. वहीचं पान मालकापुढे ठेव, तिसऱ्या रकान्यातला रुपयांचा आकडा दाखव आणि विचार, "साहेब, यात मॅच कुठल्या ओळीवर लिहू?" बहुतेक वेळा तोच हसून खाली लिहायला सांगतो. वर लिहायला सांगितलं तर वर लिही आणि तारीख टाक. पैसा त्याचा, निर्णयही त्याचा. फक्त तो निर्णय कागदावर असू दे.

ही यादी तिमाहीला उघड. धंदा बदलला की घाई बदलते. उद्या तू मिल सोडून बियाण्याच्या कंपनीत गेलास, तर तिथे मे-जूनमध्ये खरिपाचा माल निघताना डिस्पॅचची ओळ सगळ्यांच्या वर जाईल आणि दिवाळीत खाली येईल.

आणि हे सगळं केल्यावरही पहिले दोन वर्ग आपापल्या वाट्यात मावत नसतील, चौथा रात्रभर चालूनही सकाळी शिल्लक राहत असेल, तर लाइन खरंच अपुरी आहे. मग महिनाभराचे आलेख छाप, वही घे आणि मालकाकडे जाऊन मोठी लाइन बिनधास्त माग.