आधी पाती सांग

बेटा, लायब्ररी लिहायला घेतली आहेस, तर मेथडचं नाव सुचण्याआधी ‘कोणाची?’ हे विचारायची सवय लाव. देवासकरांना हा प्रश्न शिकवावा लागत नाही. तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांच्या दोन गाद्या, थोरली पाती नि धाकटी पाती, आणि गाव एकच. 1948 मध्ये दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन होईपर्यंत नुसतं ‘महाराजांचा हुकूम आहे’ म्हणून भागत नसे. कुठल्या पातीचे महाराज, ते आधी सांगा. चामुंडेची टेकडी कुठे, हे सांगायला मात्र पाती लागत नाही. पहिली इन्स्टन्स मेथड, दुसरी स्टॅटिक.

धारलाही पवारच, पण गादी एक. नवखे लोक धारकरांसारखा कोड लिहितात: आज डेटाबेस एकच आहे ना, मग कनेक्शनच्या सगळ्या मेथड स्टॅटिक! पुढे कुणी दुसरा डेटाबेस मागतो, किंवा टेस्टसाठी खोटा घुसवायचा असतो, आणि हाक मारणारी एकेक ओळ बदलत बसावं लागतं. आज एकच आहे, एवढ्यावर जाऊ नकोस. लागणारं सगळं कंसातून येत असेल आणि मेथडला काही लक्षात ठेवायचं नसेल, तर खुशाल स्टॅटिक कर. जावाचं इंटिजर.पार्सइंट तसंच आहे. ऑब्जेक्ट अजून जन्मालाच यायचा असेल तरी चालेल, जसं लोकलडेट.ऑफ.

जावाची एक खोड सांगतो. तिथे स्टॅटिक मेथडला ऑब्जेक्टच्या नावानेही हाक मारता येते. थ्रेडचं स्लीप स्टॅटिक आहे. तू दुसऱ्या थ्रेडचं नाव घेऊन त्याला झोपवायला जातोस, आणि झोपतो ती ओळ चालवणारा! इंटरप्टेड आणि इझइंटरप्टेड ही जोडी तर आणखी वाईट. पहिली स्टॅटिक, चालू थ्रेडची खूण बघते आणि पुसूनही टाकते. दुसरी इन्स्टन्स, नुसती बघते. असली जुळी नावं तू ठेवू नकोस.

डॉक्युमेंटेशनमध्ये मेथडचं नाव एकटं सोडू नये. रुबीवाले क्लास आणि मेथड यांच्या मध्ये हॅश घालतात, म्हणजे ती ऑब्जेक्टची. क्लासची असेल तर डबल कोलन. जावाडॉकमध्ये 2014च्या आठव्या आवृत्तीपासून दोघींचे टॅब वेगळे आहेत. तरी उदाहरण दे, आणि त्यात ऑब्जेक्ट कुठून आणला ती ओळ गाळू नकोस. लिहिणाऱ्याला ती उघड वाटते, वाचणारा तिथेच अडकतो.

आणि स्टॅटिकची इन्स्टन्स करायची वेळ आलीच, तर जुनी एकदम उडवू नकोस. डेप्रिकेटेड म्हणून एखाद-दोन आवृत्त्या राहू दे. जावात तेच नाव नि तेच पॅरामीटर असलेल्या दोघी एका क्लासमध्ये नांदत नाहीत, तेव्हा नवीला दुसरं नाव शोधावं लागेल.