नळ आला, मग समता आली का?

प्रश्न : आजोबा सांगायचे, त्यांच्या वेळी पाणवठेसुद्धा जातीप्रमाणे वेगळे असत. आता घरोघरी नळ आहे, कायदा आहे. म्हणजे समता आलीच की! उरलेली माणसांच्या मनावर सोडावी. आणि पाची बोटे तरी कुठे सारखी असतात? (एक वाचक, उचगाव)

उत्तर : एका पत्रात तुम्ही तीन प्रश्न घातले आहेत. बोटांचे आधी उरकू. बोटे सारखी नसतात हे खरे, पण म्हणून करंगळीला पंगतीबाहेर बसवून कोणी जेवत नाही. सगळ्यांची अक्कल आणि कमाई एकसारखी करा, असे कोणी म्हणत नाही. जन्मावरून कोणाचा दर्जा ठरू नये आणि कोणाची वाट अडू नये, एवढीच मागणी आहे.

आता कायदा. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सरकारी पैशातून चालणाऱ्या विहिरी, तळी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव इलाख्याच्या कायदेमंडळाने 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे कागदावर खुले केलेही. तरी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, आणि ज्यांनी ते घेतले त्यांना मार खावा लागला. पुढे कोर्टकचेरी 1937 पर्यंत चालली.

मुभा असूनही मधली वर्षे कोणी घागर का बुडवली नाही? याला उत्तर म्हणून बहुतेक जण सोवळ्याओवळ्याकडे बोट दाखवतात. ते होतेच, पण खरी मेख पोटात होती. महारकीच्या वतनात थोडी जमीन आणि बलुते मिळे. त्याच्या बदल्यात गावाचे आणि सरकारचे पडेल ते काम, वेळी-अवेळी, पिढ्यान्‌पिढ्या करावे लागे. ज्याची भाकरी गावाच्या हातात, तो गावाच्या मर्जीविरुद्ध विहिरीवर चढला तर दुसऱ्या दिवशी चूल पेटायची नाही. म्हणून तर डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये कायदेमंडळात वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी ही वतने 1918 मध्येच मोडीत काढली होती. (सीमेच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरेच, हे आपल्या भागाला तेव्हाही नवे नव्हते.) कर्नाटकात गावकीची वतने संपवणारा कायदा 1961 चा आहे.

मनावर सोडावे, या तुमच्या म्हणण्याचे उत्तरही कोल्हापुरातच सापडते. महाराजांच्या पागेतल्या गंगाराम कांबळे यांना पाणी शिवले म्हणून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांच्या मदतीने गंगारामांनी चहाचे दुकान काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? मग महाराजांची गाडीच त्या दुकानापाशी थांबू लागली. स्वतः चहा घ्यायचा आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचा, असा शिरस्ता पडला. छत्रपतींनी पुढे केलेला कप नको म्हणण्याची छाती कोणाची? त्या मंडळींचे मन बदलले होते का, हे कोणी विचारले नाही. आधी घोट गेला. मन मागून आले असेल तर आले. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एका शाळेत बसवले, त्यातही हाच हिशेब होता. आधी बाक एक झाला.

एवढे लक्षात घेतले तर नळाचे कोडे सुटते. विहिरीवर एकमेकांच्या घागरी शेजारी येत, म्हणून भेद दिसायचा. घरोघरी नळ आला आणि शेजारी यायची वेळच गेली. पाण्याची सोय झाली हे उत्तमच, पण भेदाचा प्रश्न सुटला की नुसता टळला, हे नळावरून कळणार नाही. ते जिथे अजून एकत्र यावेच लागते तिथे पाहावे : स्मशानात, देवळाच्या गाभाऱ्याशी, लग्नाच्या बोलणीत. आणि बेळगावात भाड्याने खोली शोधताना, आधी आडनाव विचारतात की आधी डिपॉझिट सांगतात, यात.

बायकांच्या बाबतीतही क्रम हाच. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायका आपापल्या घरी पुरुषांची मने वळवत बसल्या नाहीत. त्यांनी कामगार संघटना बांधली आणि मजुरीसाठी भांडल्या. छाया दातार यांनी त्यावर 1989 मध्ये पुस्तकच लिहिले. समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच झाला. तरीही एकाच वाफ्यातली रताळी काढताना गड्याचा पगार जास्त आणि बाईचा कमी, हे ऐकून आपल्याकडे कोणाची भुवई वर जात नाही. गावात कुठून सुरुवात करावी असे पुढच्या पत्रात विचारणार असाल, तर या सुगीचा पगार ठरतो तिथून करा. त्याला सभा लागत नाही, मंडप तर नाहीच.

ता. क. : शाहू महाराजांचे राखीव जागांचे फर्मान फक्त अस्पृश्यांसाठी होते, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. तसे नाही. 26 जुलै 1902 च्या त्या हुकमाने संस्थानच्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्यांसाठी ठेवल्या. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. त्यात मराठेही आले.