लेआचे एकटेपण

वाचन : उत्पत्ती २९:१५ ते ३०:२१



राहेलसाठी याकोबाने सात वर्षे लाबानाची चाकरी केली, हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु लग्नाच्या रात्री लाबानाने थोरली मुलगी लेआ हिला याकोबाकडे पाठवले. आठवडाभराने राहेलही त्याच घरात आली. या व्यवहारात लेआला कोणी काही विचारल्याची नोंद नाही. तिचे लग्न झाले, पण नवऱ्याचे मन तिच्यात नव्हते. ती नावडती आहे, हे परमेश्वराने पाहिले, असे शास्त्र सांगते.

लेआने मनातले दुःख मुलांच्या नावांत ठेवले :

१. रऊबेन : परमेश्वराने माझे दुःख पाहिले; आता पती माझ्यावर प्रेम करील.
२. शिमोन : मी नावडती आहे, हे परमेश्वराने ऐकले.
३. लेवी : आता तरी पती माझ्याशी जोडला जाईल.
४. यहूदा : आता मी परमेश्वराची स्तुती करीन.

चौथ्या नावात पतीचा उल्लेख नाही. लेआ आता देवाकडे वळली आहे. तरीही तिची आशा संपली नव्हती. सहावा मुलगा जबुलून झाला, तेव्हा आता तरी पती मला मान देईल, असे ती पुन्हा म्हणाली.

"एखादे मूल झाले की सगळे सुरळीत होईल," असे आपण सहज बोलतो. लेआला सहा मुलगे आणि एक मुलगी झाली, तरी तिची प्रेमाची भूक भागली नाही. लेवीच्या वंशात मोशे व अहरोन जन्मले, यहूदाच्या वंशात दावीद आणि प्रभू येशू. देवाने तिला मोठा मान दिला. म्हणून तिच्यावर झालेला अन्याय योग्य ठरत नाही.

आपल्यातही अशा भगिनी असतील. घरात भांडण नाही, पैशाची चणचण नाही, रविवारी मिस्सालाही दोघे बरोबर येतात. पण घरी दिवसच्या दिवस प्रेमाचा एक शब्द नाही. "तुला काय कमी आहे?" असे विचारून आपण तिचे तोंड बंद करतो. देवाने आधी पाहिले आणि ऐकले. आपणही तेच करावे.

ख्रिस्तसभेच्या नियमानुसार वधू-वरांच्या संमतीने विवाह होतो; ती संमती दुसरा कोणीही देऊ शकत नाही. जबरदस्तीने किंवा गंभीर भीतीपोटी केलेला विवाह वैध नसतो (कायदा १०५७ व ११०३). म्हणून आईवडिलांनी स्थळ जरूर पाहावे, पण मुलीचे मन आधी जाणून घ्यावे. संसारात मारहाण होत असेल, तर "सहन कर" असा सल्ला देऊ नये. अशा वेळी वेगळे राहणे आवश्यक ठरू शकते, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात सांगितले आहे.

चिंतनासाठी :
- पतींनो, या आठवड्यात पत्नीचे बोलणे मी मध्येच न तोडता ऐकले का?
- सासू-सासऱ्यांनो, सुनेच्या गप्प राहण्याला आपण समाधान समजतो का?
- भगिनींनो, मनातले दुःख विश्वासू मैत्रिणीला, धर्मगुरूंना वा समुपदेशकाला सांगण्यात कमीपणा नाही, हे मला पटते का?

प्रार्थना : हे प्रभू, तू लेआला पाहिलेस. आमच्या घरातले न बोललेले दुःख पाहण्याची दृष्टी आम्हाला दे. आमेन.