नेटवर्किंगमधले करिअर : आधी पाया, मग प्रमाणपत्र

कॉम्प्युटरांनी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करताना पाळायच्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. त्यांतला टीसीपी व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडला. पुढे त्यातून आयपी वेगळा काढला गेला आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे नेटवर्क या जोडीवर आले. त्यानंतर उपकरणांच्या कितीतरी पिढ्या बदलल्या, पण इंटरनेट आजही याच जोडीवर चालते. म्हणूनच ‘आज शिकलेले उद्या निरुपयोगी’ ही पालकांची धास्ती उपकरणांपुरती खरी आहे, पायाला ती लागू नाही.

हा पाया फार मोठा नाही. माहिती लहान पॅकेटांत विभागून जाते. स्विच एकाच नेटवर्कमधली यंत्रे जोडतो, राउटर एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जाण्याचा मार्ग ठरवतो. टीसीपी हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवतो. यूडीपी तसे करत नाही, त्यामुळे व्हिडिओ कॉलसारख्या घाईच्या कामाला तो सोयीचा पडतो. डीएचसीपी यंत्राला आयपी पत्ता देतो, डीएनएस वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधतो. आयपीव्ही४चा पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. ते अपुरे पडले, म्हणून १२८ बिटांचा आयपीव्ही६ आला.

प्रत्यक्ष कामात हेच ज्ञान रोज लागते. समजा, ऑफिसातल्या एका विंडोज कॉम्प्युटरवर इंटरनेट बंद आहे. ‘आयपीकॉन्फिग’ कमांड दिल्यावर पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर यंत्राला डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही; केबल, स्विच आणि डीएचसीपी सर्व्हर तपासायचे. पत्ता ठीक आहे, इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग जाते, पण एकही वेबसाइट नावाने उघडत नाही, तर संशय डीएनएसवर. असा एकेक थर तपासत दोष हुडकणारा उमेदवार मुलाखतीत लगेच उठून दिसतो. नेटवर्कच्या ओएसआय मॉडेलचे सात थर नुसते घोकलेला मात्र दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो.

या क्षेत्रात दहावीनंतरच्या डिप्लोमातून किंवा बीसीए, बीएससी आयटी, इंजिनिअरिंग या वाटांनी येता येते. सिस्को कंपनीच्या सीसीएनए या प्रमाणपत्र परीक्षेला कोणतीही औपचारिक पात्रतेची अट नाही, त्यामुळे कला-वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही ती देता येते. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे असते. परीक्षा इंग्रजीत होते, तेव्हा मराठी माध्यमाच्या मुलांनी संज्ञा सुरुवातीपासून इंग्रजीतच लिहाव्यात. ‘शंभर टक्के नोकरी’ असे सांगणाऱ्या क्लासची मोठी फी भरण्याआधी पॅकेट ट्रेसर आणि वायरशार्क ही मोफत सॉफ्टवेअर घरी वापरून पाहावीत. महिनाभर सबनेटिंगची, म्हणजे नेटवर्कचे लहान भाग पाडण्याची, गणिते सोडवताना कंटाळा आला नाही, तर कल आहे असे समजायला हरकत नाही.

सुरुवात बहुधा डेस्कटॉप सपोर्टमधून किंवा नेटवर्क ऑपरेशन सेंटरमधून होते. अशा सेंटरमध्ये चोवीस तास देखरेख असते, त्यामुळे रात्रपाळी येतेच. घरच्यांनी हे आधीच बोलून घ्यावे. दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर फायरवॉल आणि सुरक्षा किंवा क्लाउड नेटवर्किंगकडे वळता येते. तिथे लिनक्स आणि पायथनही यावे लागते.