पांढऱ्याचा पांढरेपणा

तेर हे धाराशिव जिल्ह्यातील तेरणा नदीच्या काठचे गाव. प्राचीन काळी ते ‘तगर’ या नावाने विख्यात होते व येथील माल भडोच बंदरातून दूरदेशी जात असे. त्या वैभवाचे अवशेष रामलिंगप्पा लामतुरे यांनी चिकाटीने गोळा केले. त्यांच्याच नावाचे वस्तुसंग्रहालय आज तेथे आहे. केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती व एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती यांसाठी तेर प्रसिद्ध आहे.

अशा दोन मूर्तींचे छायाचित्र कोणी पिवळ्या दिव्याच्या उजेडात घेतले, तर काय होईल? माती पांढरी आणि हस्तिदंत किंचित पिवळसर. परंतु छायाचित्रात दोन्ही मूर्ती हळदीत बुडविल्यासारख्या दिसतील. दूरच्या नगरात बसलेला अभ्यासक त्यांतील भेद रंगावरून कसा ओळखणार?

प्रत्यक्ष तेथे उभ्या असलेल्या मनुष्याची मात्र अशी फसगत सहसा होत नाही. समईच्या उजेडातही धोतर आपणांस पांढरेच दिसते, कारण डोळा व मेंदू मिळून प्रकाशाची रंगछटा वजा करतात. कॅमेऱ्यास ही सवय नसते. तो लाल, हिरवा व निळा प्रकाश जितका येईल तितका मोजतो. मग लाल व निळ्याचे माप कमीअधिक करून पांढऱ्यास पांढरे करावे लागते. यासच श्वेतसंतुलन किंवा ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणतात.

प्रकाशाची छटा केल्विन या मापाने सांगतात. लोहाराच्या भट्टीतील लोखंड प्रथम लाल होते, अधिक तापले की पिवळे, आणि पुढे पांढरे. तद्वत् मेणबत्तीचा तांबूस प्रकाश सुमारे 1900 केल्विन, जुन्या तारेच्या दिव्याचा 2700, दुपारच्या उन्हाचा 5500 आणि निरभ्र आकाशाखालील सावलीचा 7000 हून अधिक असतो. गंमत अशी की, ज्या तांबूस प्रकाशास आपण उबदार म्हणतो, त्याचाच आकडा लहान!

आजचे कॅमेरे व मोबाइल हे संतुलन आपोआप साधतात. पण तो त्यांचा अंदाजच होय. तुळजापूरच्या दुकानांतील हळदीचे ढीग चौकटभर घेतले, तर कॅमेऱ्यास प्रकाशच पिवळा आहे असे वाटू शकते. मग तो निळ्याची भर घालतो आणि हळद फिकी पडते. म्हणून पुराणवस्तूंचे छायाचित्र घेताना त्याच उजेडात करड्या रंगाचे एक कार्ड ठेवतात व त्यावरून संतुलन ठरवितात. पांढरा कागदही चालतो, मात्र तो फार उजळला की माप चुकते. घरी हा प्रयोग सहज करता येईल. एकच कागद खिडकीपाशी व दिव्याखाली ठेवून, संतुलन न बदलता, दोन चित्रे घ्यावीत.

नळदुर्गच्या किल्ल्यात खरी अडचण येते. तेथे बोरी नदीवरील बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. आतील दालनात निळसर सावली असते व बाहेर लख्ख ऊन. सावलीतील भिंत नैसर्गिक दिसावी असे संतुलन केले, तर बाहेरचे ऊन केशरी होते. उन्हाप्रमाणे केले, तर भिंत निळी पडते. एकाच चौकटीत दोन्ही साधत नाहीत. छायाचित्रकारास एकाची निवड करावी लागते.

सूर्यास्ताच्या वेळी तर निराळाच विचार करावा लागतो. किल्ल्याचा काळा दगड तेव्हा तांब्यासारखा दिसू लागतो. तो पुन्हा काळा करण्याच्या भरात संध्याकाळच चित्रातून नाहीशी होते. अशा वेळी जाणते छायाचित्रकार स्वयंचलित सोय बंद करतात, आकडा 5500 वर ठेवतात आणि दगड तांबूस राहू देतात.